डाग कुणी पाडला?

५ जून २०१३ रोजी अ‍ॅमेझॉनने भारतात दुकान मांडले, तेव्हा त्या दुकानाची मागची खोली भिवंडीत होती. सुमारे दीड लाख चौरस फुटांचे गोदाम, आणि सुरुवातीला आत फक्त पुस्तके आणि चित्रपटांच्या डिस्क. मोबाइल लवकरच आले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत मोटोरोलाचा ‘मोटो जी’ आणि जुलैत शाओमीचा ‘मी ३’ फक्त फ्लिपकार्टवर विकायला निघाले. काचेच्या कपाटातून चार हँडसेट काढून दाखवणारा, घासाघीस करून वर स्क्रीनगार्ड फुकट लावून देणारा दुकानदार त्या व्यवहारात कुठेच नव्हता. त्याच्या जागी काल्हेर, कशेळी, दापोडे, माणकोली, राहनाळ, पूर्णा अशा गावांतल्या भातखाचरांवर उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेड आल्या.

गोदामांचे हे भाग्य (की ओझे, गावात दोन्ही मते ऐकू येतात) भिवंडीला मुंबईच्या जकातीने मिळवून दिले. माल महापालिकेच्या हद्दीत शिरला की जकात भरायची. मुलुंड, ऐरोली, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. त्यापेक्षा माल हद्दीबाहेर उतरवावा, लागेल तेवढाच आत न्यावा, हा हिशेब व्यापाऱ्यांना पटला. मुंबई-नाशिक महामार्ग, १९८९पासून न्हावा-शेव्याचे बंदर आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीतली स्वस्त जमीन, असे तिन्ही योग भिवंडीत जुळले. गोदामे इतकी आणि अशा रीतीने वाढली की २००७मध्ये आसपासच्या ६० गावांच्या नियोजनासाठी एमएमआरडीएला नेमावे लागले. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, नाके ओस पडले. गोदामे जागची हलली नाहीत.

त्यामुळे मुंबई-ठाण्यात ऑनलाइन मागवलेला फोन अनेकदा भिवंडीतून निघतो. बिघडल्यावर मात्र त्याला भिवंडी ओळख दाखवत नाही. डब्यावर एका कंपनीचे नाव असते, बिलावर भलत्याच विक्रेत्याचे, पार्सलच्या चिकटपट्टीवर तिसऱ्याचे, आणि सर्व्हिस सेंटर चालवणारा बहुतेक वेळा चौथाच कुणी कंत्राटदार असतो. यातल्या कुणाच्या काउंटरवर फोन ठेवायचा, इथूनच ग्राहकाची पायपीट सुरू होते.

फोन बिघडला आहे याबद्दल सहसा वाद नसतो. तो कुणामुळे बिघडला, यावर वाद असतो. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे, हे ठरवणार कोण? ज्याच्या खिशातून पैसे जाणार तोच तपासणारा असेल, तर निकाल कुठे झुकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भिवंडीला हा प्रश्न जुना आहे. फोन येण्याच्या कितीतरी आधी तो इथे कापडाच्या ताक्यावर विचारला जात होता.

१८५७च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातली विणकर कुटुंबे दक्षिणेकडे सरकली आणि मालेगाव, धुळे, भिवंडी इथे मोमीन, म्हणजे मुसलमान विणकरांच्या, वस्त्या वसल्या. सुरुवातीला हातमाग होते. १९३०च्या दशकात विजेवरचे माग आले. त्याचे श्रेय भिवंडीत खानसाहेब समद शेठ यांना दिले जाते. नवा माग घेणे लहान कारखानदाराच्या आवाक्यातले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनी जुना म्हणून काढलेला माग भिवंडीत यायचा आणि इथे नव्याने संसार थाटायचा. तो कुठल्या साली लँकेशायरमध्ये घडला, याला काही महत्त्व नसे. चाक तुटले, दांडा झिजला तर मूळ कारखान्याला पत्र लिहून सुटा भाग मागवणे परवडणारे नव्हते. मेस्त्री तो भाग इथल्याच वर्कशॉपमध्ये ओतून घेई, कानस मारून बसवी, आणि संध्याकाळपर्यंत माग पुन्हा खडखडू लागे. आज देशातल्या यंत्रमागांचा मोठा वाटा ज्या गावात आहे, ते गाव अशा दुरुस्तीवर उभे राहिले आहे.

जुन्या यंत्राला वॉरंटी कुठली? त्या काळच्या कायद्याचीही भूमिका तशीच होती. १ जुलै १९३०ला लागू झालेल्या माल विक्री कायद्याचे सोळावे कलम सुरुवातीलाच सांगते की मालाच्या दर्जाबद्दल किंवा उपयुक्ततेबद्दल कोणतीही हमी गृहीत धरायची नाही. मग अपवाद येतात: खरेदीदाराने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला असेल तर, माल वर्णनावरून घेतला असेल तर, वगैरे. पण तिथेच एक मेख आहे. वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली, तर ती अमुक कामाला योग्य असेलच, ही हमी गृहीत धरता येत नाही. म्हणजे ज्याने ‘चांगला फोन द्या’ म्हटले त्याची बाजू, ज्याने कंपनीचे आणि मॉडेलचे नाव घेतले त्याच्यापेक्षा बळकट. ब्रँडच्या जमान्यात हे वाचून हसू येते, पण कलम अजून पुस्तकात आहे.

ताक्याचे गणित वेगळे. भिवंडीतला बराचसा धंदा मजुरीवर चालतो: सूत व्यापाऱ्याचे, माग कारखानदाराचे, हात कामगाराचे, आणि दर पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. विणलेला ताका तपासायच्या टेबलावरून ओढला जातो. तपासणारा बोट टेकवत जातो: इथे उभा धागा तुटून रेघ पडली आहे, इथे आडवा धागा दुहेरी आला आहे, इथे मागाच्या तेलाचा डाग आहे. बोट थांबले की पैसे कापले जातात. पण तुटलेला धागा विणकराच्या दुर्लक्षामुळे राहिला, की सूतच कच्चे होते, की भर कामात वीज गेली, हे त्या टेबलावर कुणी विचारत नाही. सूत देणारा व्यापारीच कापड तपासणार, आणि दोष सुताचा निघाला तर नुकसानही त्याचेच. कारखानदार ती कपात पुढे कामगाराकडे सरकवतो.

मुंबईच्या गिरण्यांत हीच गोष्ट जास्त उघडपणे होई. सदोष कापड विणकराच्याच माथी मारायचे आणि त्याची किंमत पगारातून वळती करायची, ही तिथली जुनी रीत. विणकराने ते कापड बाजारात मिळेल त्या भावाला विकावे. साचेवाल्यांच्या, म्हणजे मागावरच्या विणकरांच्या, तक्रारींत ही बाब पुन्हा पुन्हा येते. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशनने १९३१मध्ये दंड-कपातींवर लिहिले आणि १९३६चा वेतन प्रदान कायदा आला. त्याने ठरवले की दंड करायच्या आधी कामगाराचे म्हणणे ऐकायचे, दंडाची नोंद वहीत ठेवायची, आणि एकूण दंड पगाराच्या रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त होता कामा नये. नुकसानीच्या कपातीलाही असेच बंधन पडले; नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे. कागदावर का होईना, पैसे कापणाऱ्याला आता कारण द्यावे लागणार होते. हा कायदा आज कामगार कायद्यांच्या धड्यात शिकवतात. वस्तूतल्या दोषाची जबाबदारी कुणाची, या इतिहासातही त्याला जागा द्यायला हवी.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि भिवंडीच्या मागांना रात्रपाळ्या अपुऱ्या पडू लागल्या. गिरण्या बंद असतानाही गिरण्यांच्या नावाचे कापड बाजारात येत होते, कारण भिवंडीत विणलेल्या ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडावर प्रक्रिया करून गिरणीचा शिक्का मारला जात होता. कापडाला भोक निघाले तर गिऱ्हाइकाने कुणाला धरायचे, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा ही मांडणी पुढे फोनच्या धंद्यात जगभर रूढ झाली. फरक एवढाच की फोनच्या डब्यावर जोडणी करणाऱ्या कंत्राटी कारखान्याचे नाव बारीक अक्षरांत का होईना छापलेले असते. भिवंडीच्या कारखानदाराच्या नशिबी तेवढेही नव्हते.

याच सुमारास ग्राहक नावाचा माणूस महाराष्ट्रात संघटित होत होता. मुंबईत १९६६मध्ये नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली; तिचे ‘कीमत’ हे नियतकालिक वस्तूंच्या चाचण्यांचे निकाल छापू लागले. १९७२मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आंदोलनात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेले बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या कामाची पद्धत अगदी घरगुती होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, पंचायतीने माल पारखून घाऊक भावात आणायचा आणि सगळ्यांनी तो वाटून घ्यायचा. डाळीतला खडा घरी सापडण्याऐवजी खरेदीच्या वेळीच सापडावा, अशी ती योजना. ग्राहकाच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी, ज्याला त्या विक्रीत नफा नाही त्याने, माल तपासायचा ही कल्पना हजारो मध्यमवर्गीय घरांत तिथून पोचली.

कायदा मागून आला. १९८४च्या दुरुस्तीने मक्तेदारी-विरोधी कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ शिरल्या. पुरेशी चाचणी न करता टिकाऊपणाची हमी देणे ही त्यातली एक. एप्रिल १९८५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी भारताचा ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९८७पासून तो अमलात आला. जिल्ह्याच्या मंचावर तीन जण: जिल्हा न्यायाधीशाच्या पात्रतेचा अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यांतली एक स्त्री असलीच पाहिजे. साध्या कागदावर तक्रार चाले, वकील केलाच पाहिजे असे नव्हते, सुरुवातीला शुल्कही नव्हते. पण या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची तरतूद तेराव्या कलमात होती. वस्तूतला दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल, तर मंचाने तिचा नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि ४५ दिवसांत अहवाल मागवायचा. तपासणाऱ्याचे बोट आता विकणाऱ्याच्या पगारावर नव्हते.

या तरतुदीचा कस सर्वोच्च न्यायालयात लागला तो मोटारींवर. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची सदोष डिझेल गाडी नवी म्हणून विकली गेली, त्या प्रकरणात २००४मध्ये न्यायालयाने डीलर आणि उत्पादक दोघांनाही जबाबदार धरले. ‘तो बघेल’ म्हणून एकमेकांकडे बोट दाखवायची सोय संपली. फियाटच्या एका गाडीबाबत २०१०मध्ये न्यायालयाने म्हटले की स्वतंत्र तज्ज्ञाला मूळ उत्पादनातच दोष आढळला, तर ग्राहकाला किंमत व्याजासह परत मिळाली पाहिजे. म्हणजे वर्कशॉपचा मॅनेजर काय म्हणतो हे एक मत झाले, निकाल नव्हे.

मोबाइल मुंबईत आला १९९५मध्ये, बीपीएल आणि मॅक्स टच या कंपन्यांबरोबर. मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर, येणाऱ्या फोनलाही पैसे. हँडसेटवरचा कर इतका की हाजी अलीजवळच्या हिरा पन्नात आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमध्ये दुबई-सिंगापूरहून आलेले सेट बिलाशिवाय मिळत. बिल हवे तर एक भाव, नको तर दुसरा. या बाजाराने स्वतःची एक हमी शोधून काढली: ‘चेकिंग वॉरंटी’. आठ-दहा दिवस वापरून बघा, काही निघाले तर घेऊन या, त्यानंतर तुम्ही आणि तुमचे नशीब. ती तोंडी असे, दुकानदाराच्या शब्दावर असे आणि बऱ्याचदा पाळलीही जाई, कारण दुकानदाराला उद्याही त्याच गाळ्यात बसायचे होते. भिवंडीत जुन्या फोनच्या खरेदी-विक्रीत ती अजून चालते.

ऑगस्ट २००७मध्ये सदोष फोनची पहिली मोठी घबराट देशाने पाहिली. नोकियाने जाहीर केले की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी काही चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात. एकूण ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा प्रश्न होता. बॅटरीच्या पाठीवरचा २६ अक्षर-अंकांचा क्रमांक ताडून बघायचा आणि जुळला तर नवी बॅटरी फुकट घ्यायची. नोकियाच्या सेवा केंद्रांपुढे झुंबड उडाली; ज्यांचे क्रमांक जुळत नव्हते तेही रांगेत होते. त्या भानगडीत एक गोष्ट मात्र सरळ होती. दोष आपला आहे हे कंपनीने आधी मान्य केले होते, त्यामुळे काउंटरवर भांडायला काही उरले नव्हते.

दोन वर्षांनी उलट टोक आले. मोठ्या स्पीकरचे, दोन सिमचे ‘चायना मोबाइल’ यंत्रमाग कामगारांच्या हातांत सर्रास दिसत, आणि त्यातल्या अनेकांना आयएमईआय हा हँडसेटचा ओळखक्रमांकच नव्हता. सुरक्षेच्या कारणावरून डिसेंबर २००९पासून असे फोन बंद करण्याचा आदेश निघाला. क्रमांक नसलेल्या फोनमध्ये १९९ रुपयांत खरा क्रमांक बसवून देण्याची अधिकृत सोयही झाली. फोनला ओळख मिळाली. हमी कुणाची, हा प्रश्न त्या फोनच्या बाबतीत उपस्थितच होत नव्हता.

स्मार्टफोनने वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला, कारण वस्तू महाग झाली, बंद झाली आणि आतला पुरावा कंपनीच्या हाती गेला. सिमच्या खोबणीत किंवा बॅटरीशेजारी एक लहानसा पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. पाणी लागले की तो लाल किंवा गुलाबी होतो. कंपन्या म्हणतात, नुसत्या दमट हवेने त्याचा रंग बदलत नाही. जुलैतल्या भिवंडीत, जिथे माचिससुद्धा पेटत नाही, ग्राहकाला ते पटणे कठीण असते. ‘पाण्यात पडलाच नाही हो’ आणि ‘दादा, स्टिकर लाल आहे’ या दोन वाक्यांत काउंटरवरचा सगळा खटला आटोपतो. मजा म्हणजे जाहिरातीत हाच फोन पाण्यात बुडवून दाखवलेला असतो आणि वॉरंटीच्या अटींत द्रवाने झालेले नुकसान वगळलेले असते. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने याच विसंगतीवर नोव्हेंबर २०२०मध्ये अ‍ॅपलला एक कोटी युरोंचा दंड केला. ऑस्ट्रेलियात सॅमसंगला जून २०२२मध्ये पाण्याविषयीच्या जाहिरातींसाठी १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले.

ठिपक्यानंतरचा पुरावा म्हणजे जॉबशीट. फोन जमा करताना काउंटरवरची मुलगी आयएमईआय टाकते, फोन उलटासुलटा करून ओरखडे नोंदवते, आणि ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात दोन शब्द लिहिते. ग्राहक सांगत असतो की फोन दुपारी तापतो, मग आपोआप बंद पडतो, पुन्हा चालू केला की टच चालत नाही. रकान्यात उतरते ‘डिस्प्ले इश्यू’. खाली डेटा गेल्यास जबाबदारी नाही, या ओळीवर सही. आठवड्याने फोन परत येतो, पंधरा दिवसांनी तोच आजार उलटतो, आणि दुसऱ्या जॉबशीटवर वेगळे दोन शब्द पडतात. पुढे ग्राहक आयोगासमोर त्याला दाखवायचे असते की एकच दोष तीनदा दुरुस्त करूनही गेला नाही. कागद मात्र तीन वेगवेगळ्या तक्रारी दाखवतात. जाणता माणूस म्हणूनच तो रकाना आपल्यासमोर, आपल्या शब्दांत लिहून घेतो, प्रत मागून घेतो आणि मग सही करतो. भांडणाचा निम्मा निकाल तिथे, त्या दोन शब्दांत लागतो.

सेंटरने ‘आऊट ऑफ वॉरंटी’ म्हटले की फोन बाजारातल्या गाळ्यात येतो. भिवंडीच्या मेस्त्रीचा वारसा इथे दिसतो. तीन-चार फुटांच्या टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअर गन, फ्लक्सची डबी. कंपनी जिथे अख्खा बोर्ड बदलायचा खर्च सांगते, तिथे हा कारागीर चार्जिंगचा आयसी शोधून तेवढाच उतरवतो, नवा बसवतो, तुटलेल्या रेषेवर केसाइतक्या तारेचा जंपर मारतो. डिस्प्लेला तो ‘फोल्डर’ म्हणतो. ओरिजिनल हवा की कॉपी, हे आधी विचारतो. फोन चालू होतो. पण स्क्रू एकदा परक्या हाताने फिरला की कंपनीच्या लेखी वॉरंटी संपते.

ही अट कितपत टिकते, याचा फैसलाही आधी मोटारींवर झाला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती फक्त आपल्या डीलरांपुरती ठेवणे आणि बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी नाकारणे, यावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. टाटा आणि महिंद्रा या मुंबईच्या कंपन्याही त्यात होत्या. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेत १९७५पासूनच अशा अटींना कायद्याने आडकाठी आहे. तरीही २०१८मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला ‘हे स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द’ अशा धर्तीच्या अटी घालणाऱ्या सहा कंपन्यांना ताकीद द्यावी लागली. आपल्याकडे मोबाइल, शेतीची अवजारे, घरगुती उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांतल्या दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने जुलै २०२२मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू झाले. सुटे भाग सर्वांना विकलेच पाहिजेत, असे कंपनीला बजावणारा कायदा मात्र त्यामागे नाही. फोनवर एक वर्षाची वॉरंटी द्यायलाच हवी, असेही भारतातला कोणताही कायदा म्हणत नाही. ती बाजाराची रूढी आहे. युरोपीय संघाने १९९९मध्येच दोन वर्षांची कायदेशीर हमी सक्तीची केली होती.

२०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला, आणि त्यातला एक बदल भिवंडीसारख्या गावासाठी फार मोलाचा आहे. जुन्या कायद्यात तक्रार तिथे करायची, जिथे विक्रेता आहे किंवा जिथे व्यवहार घडला. ऑनलाइन खरेदीत व्यवहार नेमका घडला कुठे, बंगळुरूच्या कार्यालयात, गुडगावच्या विक्रेत्याकडे की पार्सल उघडले त्या खोलीत, यावरच कंपन्यांचे वकील तारखा काढत. आता ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे पूर्वीच्या मंचात, जाता येते. भिवंडीकरासाठी तो ठाण्यात. अंतर पंधराएक किलोमीटर, पण थेट लोकल नाही. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर पडते, म्हणून बस किंवा शेअर रिक्षा आणि कशेळीच्या पुलावरची कोंडी. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत हवी, आणि २०२०पासून ‘ई-दाखिल’वर, तर १ जानेवारी २०२५पासून ‘ई-जागृती’वर ती घरबसल्या भरता येते. कायद्याने निकालासाठी तीन महिने ठरवले आहेत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. हे वेळापत्रक कायदा करणाऱ्यांच्या आशावादाचा नमुना म्हणून वाचावे.

त्या तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. पंधरा हजारांच्या फोनसाठी कुणी तिथवर जात नाही. मग आयोगापुढे उरतात ती जॉबशीटे, बिल, ईमेल आणि सर्व्हिस सेंटरने काढलेला लाल ठिपक्याचा फोटो. तिसऱ्या तपासनिसाची तरतूद १९८६पासून कायद्यात आहे. लहान रकमेच्या वादात तिला फारसे कुणी हाक मारत नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली. फोन आणि उपकरणे किती सहज दुरुस्त होतात, याचे गुण ठरवणारा निर्देशांक तिने सुचवायचा होता. मे २०२५मध्ये अहवाल आला. गुण दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि डब्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दिसावेत, अशी त्याची शिफारस आहे. ते गुण कंपनीने ठरलेल्या निकषांवर स्वतःचे स्वतःच लावून जाहीर करायचे आहेत.